किनाऱ्यावरची शेकोटी

मंडळीसाठी शास्त्राभ्यास

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २८:१–१०, रोमकरांस पत्र १४:१–४ व १५:१–७.
पाठ करावयाचे वचन : रोम. १५:७.
पाठाचा हेतु : मंडळीत नाना तऱ्हेची माणसे असतात, हे तिचे दुर्दैव नसून तिचा आनंद आहे, व तो आनंद कोणत्या वाटेने मिळतो, हे समजून घेणे.



रेवदंड्याच्या किंवा मुरूडच्या बंदरात डोल रिकामी होताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हा पाठ समजावयास कठीण जाणार नाही. पाग टाकणारा मनुष्य मासा पाहून पाग टाकितो. परंतु डोलीचे तसे नाही. ती भरतीओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून उभी असते, आणि पाणी जे आणील ते घेते. बोंबील, मांदेली, वाकटी, करंदी, जवळा, आणि त्यांच्यासोबत गवत, शिंपले व ज्याचे नावही कोणास ठाऊक नाही असे काही, सर्व एकदम होडीत येते. आपल्या प्रभूने स्वर्गाच्या राज्यास उपमा दिली ती पागाची नव्हे, तर सर्व प्रकारचे जीव एकत्र आणणाऱ्या मोठ्या जाळ्याची (मत्तय १३:४७–५०). त्या दृष्टांतात निवड आहे खरी. परंतु ती युगाच्या समाप्तीस व्हावयाची आहे, आणि ते काम देवदूतांकडे सोपविले आहे. आपल्याकडे ते दिलेले नाही.

तरी हे काम आपण किती वेळा आपल्या हाती घेतो! आपल्या खेड्यांतील मंडळ्या लहान. पंधरा-वीस घरे असली म्हणजे पुष्कळ. त्यांत एक जण गीताच्या पुढे धावतो, तर दुसरा मागे रेंगाळतो. एक भाऊ प्रार्थनेस उभा राहिला की गावातील सर्व गुरांची नावे देवास सांगितल्यावाचून बसत नाही. एक बाई उपासना अर्धी झाल्यावर येते, कारण बाजार संपल्यावाचून तिची पाटी रिकामी होत नाही. दोघे सख्खे भाऊ एका सतरंजीवर बसत नाहीत. अशा मंडळीकडे पाहून उपदेशकाच्या मनात येते, “शहरातील मंडळी किती व्यवस्थित! देवाने मला ही कोठून दिली?” ह्या प्रश्नाचे उत्तर आज शास्त्रातून शोधू.

१. मिलिता बेटावरील लोक

पौल बंदिवान होऊन रोमास चालला होता. तारू फुटले, आणि तारवावरील दोनशे शहात्तर जण कोणी पोहून, कोणी फळ्यांवर, असे किनाऱ्यास लागले (कृत्ये २७:३७–४४). त्यांत शिपाई होते, खलाशी होते, बेड्यांतील कैदी होते, आणि एक प्रेषित होता. पाऊस पडत होता व थंडी होती. बेटावरील लोकांस त्यांची भाषा येत नव्हती. त्यांनी काय केले? शेकोटी पेटविली व सर्वांस जवळ घेतले. आधी शेकोटी, मग चौकशी. हा क्रम ध्यानात ठेवा. “तुमच्यांतील कैदी कोण, हे आधी सांगा,” असे त्यांनी म्हटले नाही.

दुसरी गोष्ट. तिसऱ्या वचनाकडे लक्ष द्या. पौल पाहुणा म्हणून हात शेकीत बसून राहिला नाही. त्याने काटक्या गोळा करून विस्तवावर घातल्या. आणि त्या लोकांनी त्यास तसे करू दिले. पुष्कळ घरी पाहुण्याचा मान राखतात, परंतु त्याच्या हाती काम देत नाहीत; त्यामुळे तो शेवटपर्यंत पाहुणाच राहतो. ज्याच्या काटक्या शेकोटीत पडल्या, त्याची ती शेकोटी झाली.

तिसरी गोष्ट. त्याच काटक्यांतून साप निघाला. तेव्हा लोक म्हणाले, हा खुनी असावा; आणि तो मेला नाही असे पाहून म्हणाले, हा देव आहे. दोन्ही वेळां ते चुकले. नव्या माणसाविषयी आपले पहिले मत बहुधा असेच चुकते, मग ते वाईट असो की फारच चांगले असो. परंतु मत चुकले तरी त्यांनी शेकोटी विझविली नाही. पुढे त्याच बेटावर तापाने व हगवणीने आजारी असलेला पुब्ल्याचा बाप बरा झाला, व इतर रोगीही बरे झाले. ज्यांनी स्वागत केले त्यांसच शेवटी आशीर्वाद मिळाला.

२. आपल्याच किनाऱ्यावरची एक गोष्ट

अशीच एक गोष्ट आपल्या अलिबागेजवळ सांगतात. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे तारू नवगावाजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचून किनाऱ्यास लागली. आणि जे बुडाले त्यांची प्रेते नवगावास पुरली. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. स्मरणात राहिला तो शब्बाथ, सुंता, खाण्याचे काही नियम, आणि देव एकच आहे अशी साक्ष देणारी प्रार्थना. त्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरिला. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणू लागले. दिवे, चेऊल, पेण, रोहे, नवगाव ह्या गावांवरून दिवेकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे पडली. मराठी हीच त्यांची घरची भाषा झाली. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ इस्राएल देशास गेले. तरी अलिबागेची इस्राएल आळी व तेथील मागेन आबोथ हे सभास्थान आजही त्यांची साक्ष देतात.

ह्या गोष्टीत शेजाऱ्यांचा एक मोठा गुण दिसतो. शनिवारी घाणा का फिरत नाही, हे त्यांस विचित्र वाटले असेल. त्यांनी त्या विचित्रपणास एक नाव दिले आणि तो तसाच राहू दिला. त्यासाठी कोणी घाणा मोडिला नाही. कुंडलिकेच्या मुखाजवळ कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशीही असाच एक लहान समाज आहे. १७४० त पोर्तुगीजांची सत्ता ह्या भागातून गेली, पण तेथील रोमन कॅथोलिक बंधूंनी पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणाने झालेली आपली निराळी बोली आजवर घरात जपली आहे. समुद्रापलीकडून आलेल्या सिद्दी लोकांचे जंजिऱ्यास राज्य होते, हे तर सर्वांस ठाऊक आहे. सारांश, नाना तऱ्हेच्या माणसांस जागा देणे ही ह्या किनाऱ्याची जुनी रीत आहे.

परंतु येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. शेजाऱ्यांनी जागा दिली, पण पंक्ति दिली काय? आपल्या देशात शेजार एक गोष्ट व पंक्ति दुसरी. “तुम्ही तुमच्या आळीत सुखाने राहा, आम्ही आमच्या आळीत राहतो,” एवढ्याने गावात शांति राहते. ती काही थोडी गोष्ट नव्हे. तरी तेवढ्यावर मंडळी उभी राहत नाही. प्रभूचे मेज एक आहे.

३. स्वागत म्हणजे पंक्ति

म्हणूनच पौल रोमकरांस लिहिताना स्वागताची गोष्ट जेवणापासून आरंभितो. त्या मंडळीत एक जण सर्व काही खात असे, तर दुसरा भाजीपाल्यावर राहत असे. खाणारा न खाणाऱ्यास तुच्छ मानी, व न खाणारा खाणाऱ्यास दोष लावी. हा वाद आपल्यास परका आहे काय? आपल्या किनाऱ्यावर प्रीतिभोजन म्हटले की मासळीचे कालवण आलेच. अशा वेळी ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासा शिजला नाही, असा एखादा नवा विश्वासी येऊन कोपऱ्यात बसतो. त्यास हसणे सोपे आहे. त्याच्यासाठी भाताबरोबर वेगळी आमटी शिजविणे, आणि ती त्यास दूर न वाढता आपल्या मांडीस मांडी लावून वाढणे, ह्यास प्रीति लागते. उलट त्यानेही शेजारच्या पानाकडे पाहून नाक मुरडू नये. पौलाचा आधार असा की, दोघेही दुसऱ्याच्या घरचे चाकर आहेत. त्यांचा धनी त्यांस उभे ठेवावयास समर्थ आहे. आणि पंधराव्या अध्यायातील सातव्या वचनात तो मापच सांगतो : ख्रिस्ताने आपणास ज्या प्रकारे जवळ केले, त्याच प्रकारे आपण एकमेकांस जवळ करावे. प्रभूने आपणास जवळ केले तेव्हा आपण नीटनेटके होतो काय?

४. आपल्या पूर्वजांचे उदाहरण

महाराष्ट्रातील अमेरिकन मिशनचे काम नगरास १८३१ त सुरू झाले. (त्या शहरास आता अहिल्यानगर म्हणतात.) त्या वेळी मिशनरींसोबत बाबाजी रघुनाथ नावाचे ब्राह्मण ख्रिस्ती गेले होते. तेथे गरीब व अपंग लोकांसाठी एक आश्रयस्थान होते. आंधळे, लंगडे व महारोगी तेथे राहत. त्यांस प्रतिदिवशी सुवार्ता सांगण्यात येई. १८३३ त नगरची पहिली मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदांत अशा आश्रितांचा भरणा होता. जन्माने ब्राह्मण व जन्माने महार, ज्यास जग पूज्य मानी तो व ज्याच्या सावलीस जग भिई तो, हे एका भाकरीचे वाटेकरी झाले. बाबाजी त्याच वर्षी निवर्तले. त्या दिवशी बाहेरून कोणी पाहिले असते, तर अशा मंडळीचे पुढे काय होणार म्हणून तो हसला असता. परंतु लूक १४ तील मोठ्या जेवणाचा दृष्टांत वाचा, म्हणजे त्या घरच्या धन्याने नेमके कोणास बोलाविण्यास सांगितले होते ते कळेल. आज ज्या जिल्ह्यांत मोठमोठ्या मंडळ्या दिसतात, त्यांचे मूळ त्या पांगळ्यांच्या पंक्तीत आहे.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस झाला. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षांनी त्या नगरास पतीजवळ आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे व आपली चूल वेगळी ठेविली. ख्रिस्ती वस्तीत राहून ख्रिस्ती माणसाच्या हातचे न घेणारी बाई! पण त्यांच्यावर बळजबरी झाली नाही. सहवासाने त्यांचे मन पालटत गेले, आणि १९०० त त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच झाली. अनाथ मुले, विद्यार्थी, कवि, वाटसरू, सर्वांस तेथे आसरा मिळे. बालकवि ठोमरे हे ख्रिस्ती नव्हते, तरी तेही काही काळ त्या घरचे होऊन राहिले. हे सर्व लक्ष्मीबाईंनी “स्मृतिचित्रे” ह्या ग्रंथात, जो १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाला, मोठ्या मौजेने सांगितले आहे. त्यांत स्वतःची फजिती सांगावयासही त्या लाजत नाहीत. जी बाई एके काळी वेगळी चूल मांडून बसली होती, तिच्याच चुलीवर पुढे एवढ्या जणांची भाकरी भाजली गेली.

१९१७ त टिळकांनी मिशनची नोकरी सोडिली व साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. ख्रिस्तास गुरू मानणारे बाप्तिस्मा झालेले व न झालेले लोक एका बंधुत्वात यावेत, भजन-कीर्तन आपल्या देशाच्या रीतीने व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. पुष्कळांस ही कल्पना चमत्कारिक वाटली. ९ मे १९१९ रोजी टिळक प्रभूकडे गेले, आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. ह्यापासून दोन धडे घ्यावे. पहिला, ज्यांचे पाऊल अद्याप उंबरठ्यावर आहे त्यांसाठीही बसावयास जागा असावी. दुसरा, असे स्वागत एकाच थोर पुरुषावर अवलंबून राहिले, तर त्याच्याबरोबर जाते. ते साऱ्या मंडळीच्या अंगवळणी पडले पाहिजे.

५. एक कबुली

हा पाठ लिहिणाऱ्याने स्वतः ह्या बाबतीत अपराध केला आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे ठीक नाही. एका मंडळीत एक वृद्ध बाई उपदेश चालू असता मोठ्याने उत्तरे देत असे. “पेत्राने प्रभूस का नाकारिले?” असे मी विचारावे, आणि मी पुढचे वाक्य उच्चारण्यापूर्वी तिने मागून म्हणावे, “भ्याला, दुसरे काय!” मुले हसत. एका रविवारी बाहेरगावचे पाहुणे आले होते. तेव्हा मी तिला सर्वांदेखत गप्प बसविले. ती गप्प बसली. पुढल्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढल्याही नाही. उपासना फार व्यवस्थित झाली. पण मी प्रश्न विचारला की घरात अशी शांतता पसरे, की माझा आवाज मलाच परका वाटू लागला. तेव्हा मला कळले की, इतके दिवस त्या मंडळीत माझा उपदेश खरोखर ऐकणारी तीच एक होती. मी तिच्या घरी गेलो व क्षमा मागितली. ती म्हणाली, कोणी प्रश्न विचारला तर उत्तर न देणे हा उर्मटपणा होय, असे तिच्या आईने तिला शिकविले होते. आणि देवाच्या घरात विचारलेला प्रश्न तर देवाचाच असणार. ती पुनः येऊ लागली. मी उपदेशात थांबून तिच्या उत्तराची वाट पाहू लागलो, आणि काही दिवसांनी दुसरेही उत्तरे देऊ लागले. तिच्या काटक्या शेकोटीत पडू नयेत म्हणून मी तिचा हात धरिला होता.

६. एक शंका

कोणी म्हणेल, “असे सर्वांस घेत गेलो, तर मंडळीत शिस्त कशी राहील? दारू पिऊन येणारा, बायकोस मारणारा, उसने घेऊन बुडविणारा, हेही वेगळ्या तऱ्हेचेच म्हणावयाचे काय?” नव्हे. तऱ्हा वेगळी व पाप वेगळे. बेसूर गाणे, उशिरा येणे, विचित्र बोलणे, फाटके नेसणे, ह्यांस पाप म्हणणे हा अन्याय होय. आणि पत्नीस मारणे ह्यास “त्याचा स्वभावच तसा” म्हणणे हा तर मोठाच अन्याय होय. पहिल्यास सहन करावे व त्यात आनंद मानावा. दुसऱ्यास एकांतात बोध करावा (मत्तय १८:१५), आणि ज्याच्यावर जुलूम झाला त्यास आधी आसरा द्यावा. पण दुःखाची गोष्ट अशी की, आपण पुष्कळदा उलट करितो. पैसेवाल्याच्या पापावर पांघरूण घालितो, आणि गरिबाच्या तऱ्हेवर बोट ठेवितो. याकोब २:१–४ हा भाग आपणासच लिहिला आहे.

७. आता काय करावे

(१) येणाऱ्यास आधी बसावयास द्या, मग नाव विचारा. तो कोणत्या वाड्यातला, ही चौकशी मुळीच नको.
(२) तीन रविवारांच्या आत त्याच्या हाती काही काम द्या. सतरंजी घालणे, पाणी भरणे, दिवा लावणे, झांजा वाजविणे. ज्यास वाचता येत नाही त्यास प्रार्थना करिता येते.
(३) आपल्या लोकांच्या पोटापाण्याकडे पाहून उपासनेची वेळ ठरवा. मासळी विकणारीस व मिठागरावर राबणाऱ्यास सोयीची वेळ उपदेशकास गैरसोयीची असली, तर उपदेशकाने ती गैरसोय सोसावी. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा लोक घरी असतात. ते आठवडे शास्त्राभ्यासास फार उपयोगाचे आहेत.
(४) वर्षातून निदान दोनदा सर्वांनी एकत्र जेवावे. शिजविणारे हात सर्व वाड्यांचे असावेत, आणि वाढणारेही.
(५) जो येईनासा झाला त्याच्या घरी पाळकाने किंवा पंचाने त्याच आठवड्यात जावे, आणि “का आला नाहीस?” असे न विचारता “आमचे काय चुकले?” असे विचारावे.

प्रश्न

१. मिलिता येथील लोकांनी चौकशीपूर्वी काय केले? आपल्या मंडळीत काय होते?
२. पौलाने काटक्या गोळा केल्या, ह्यावरून पाहुणा व घरचा यांतील भेद कसा नाहीसा होतो?
३. खाण्यापिण्याच्या बाबतीत आपल्या मंडळीत कोण कोणास तुच्छ मानितो, व कोण कोणास दोष लावितो?
४. तऱ्हा व पाप यांतील भेद दोन उदाहरणे देऊन सांगा.
५. गेल्या वर्षात आपल्या मंडळीतून कोण येईनासे झाले? त्यांच्याकडे कोण जाईल?

ह्या आठवड्याचे वाचन

सोमवार – लूक १४:१२–२४. मंगळवार – मत्तय १३:४७–५०. बुधवार – १ करिंथ. १२:१४–२६. गुरुवार – याकोब २:१–९. शुक्रवार – गलती. २:११–१६. शनिवार – ३ योहान, संपूर्ण. रविवार – इफिस. २:११–२२.

उपदेशकांस सूचना : पाचवा प्रश्न सभेत विचारून तेथेच सोडू नका. नावे कागदावर लिहून घ्या, आणि पुढच्या रविवारपूर्वी निदान एका घरी जाऊन या. जाताना एकटे जाऊ नका. ज्याच्याशी त्या माणसाचे बिनसले असेल, तो येण्यास कबूल झाल्यास त्यासच सोबत घ्या.

प्रार्थना : हे प्रभु, आम्ही फुटलेल्या तारवातून तुझ्या किनाऱ्यास लागलो, आणि तू आमच्यासाठी शेकोटी पेटवून ठेविली होतीस. आमच्या अंगावरील चिखल तू पाहिलास, तरी आम्हांस जवळ घेतलेस. जे आमच्याहून निराळे आहेत त्यांस पाहून आमचे मन आखडू देऊ नकोस. त्यांच्या हातच्या काटक्यांनी आमची शेकोटी वाढव. आणि ज्या कोणास आम्ही आमच्या कठोर शब्दाने थंडीत लोटिले असेल, त्याच्या दारी आम्हांस आजच घेऊन जा. ख्रिस्त येशूच्या नावाने मागतो. आमेन.